वहिनीचा मुतखडा

आमच्या गावात मुतखडा कुणालाच झाला नाही असं घर शोधावं लागलं असतं. नशिराबादच्या पुढे हायवे सोडून आत वळलं की काळी जमीन, केळीच्या बागा, आणि त्यांच्या मधोमध आमचं गाव. उन्हाळ्यात दुपारी पत्र्याला हात लागला तर चटका बसायचा. पुरुष ओट्यावर जमले की केळीच्या भावानंतर खड्याचाच विषय निघे. कुणाचा पडला, कुणाचा अडकला, कोण कंबर धरून गोठ्यात लोळला. माझ्या वडिलांनी, म्हणजे नानांनी, स्वतःचा पडलेला खडा काडेपेटीत कापसावर ठेवला होता. पाहुणे आले की तो दाखवत आणि म्हणत, "एवढासा आहे, पण बैलाला लोळवील." सगळे हसत. बायकांच्या खड्याबद्दल मात्र मी लहानपणी कधी काही ऐकलं नाही. तो पुरुषांचाच आजार असतो, अशी माझी समजूत होती.

ऐंशीनंतरच्या वर्षांत विहिरी एकामागून एक आटत गेल्या. आमच्या गल्लीच्या बायका नदीकाठच्या विहिरीवरून पाणी आणत. मायच्या डोक्यावर हंड्यांमुळे केस विरळ झाले होते. नानांनी परसात बोअर घेतली तेव्हा आख्खी गल्ली मशीनभोवती उभी होती. पाणी लागलं. पहिलं गढूळ पाणी उसळून आलं तसं नानांनी ते ओंजळीत घेऊन कपाळाला लावलं. मोटार बसली आणि त्यांनी नळ आतल्या बाजूला न ठेवता बाहेर, गल्लीच्या तोंडाशी काढला. "ज्याला लागेल त्यानं न्यावं," म्हणाले. बायकांची पायपीट थांबली. नाना संध्याकाळी नळाजवळ खाट टाकून बसत. कोणी पाणी भरताना "नाना, पुण्य लागलं तुम्हाला" म्हणालं की हातानं "असू द्या" अशी खूण करत, पण चेहऱ्यावर सगळं दिसायचं.

पाणी जड होतं. डाळ शिजायची नाही, साबणाला फेस यायचा नाही, आणि हंड्याच्या आत पांढरी खार धरायची, ती माय दर आठवड्याला चिंचेनं घासायची. पण दारात येणाऱ्या पाण्याला कोण नावं ठेवणार?

त्यानंतर दोनेक वर्षांनी वहिनी घरात आली. तिचं माहेर साक्रीच्या वर, डोंगराच्या अंगाला. भाऊ बघायला गेला तेव्हा तिच्या घरामागे नाला वाहत होता आणि पुढे सगळं जंगल. आमच्याकडे 'हाये' म्हणतात, तिच्याकडे 'शे'. ती 'शे' म्हणाली की माझे काका मुद्दाम तिला पुन्हा बोलायला लावत. तीही हसायची. पहिल्याच आठवड्यात डाळ शिजेना म्हणून ती चुलीपुढे बसून म्हणाली, "आमना गावले पानी गोड शे, दाय पटकन शिजस." मायला ते आवडलं नाही. नानांनी मात्र ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

मी तेव्हा जळगावला कॉलेजात होते. मेहरूणला मावशीकडे राहायचे. मावशीच्या घरात मागच्या बाजूला संडास होता, सिमेंटचा, आतून कडी लागणारा. मी माठातलं पाणी तांब्या-तांब्यानं प्यायचे आणि त्यात काही विशेष आहे हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. सुट्टीत गावी आले की मात्र आपोआप पाणी कमी व्हायचं. कुणी शिकवावं लागत नव्हतं. माय, काकू, शेजारणी, सगळ्या तशाच. पहाटे अंधारात एकदा गावाबाहेरच्या लवणात, म्हणजे ओहोळाच्या खोलगट जागेत, जायचं, मग दिवेलागणीनंतर. मधला सगळा दिवस कोरडा काढायचा. घरात मोरी होती, पण तिचं पाणी उघड्या नालीतून थेट ओट्यासमोरून वाहायचं आणि ओट्यावर दिवसभर माणसं बसलेली. गोठ्यात सालदार गडी असे. केळीच्या बागेत आडोसा होता, पण तिथे गडी पाणी भरत, आणि नव्या सुनेनं एकटीनं बागेत जायचं नाही असा मायचा नेम होता.

एका दुपारी मी आणि वहिनी परसात गहू निवडत होतो. ऊन वर आलं होतं. मी उठून माठातलं पाणी घेतलं आणि तांब्या तिच्यापुढे केला. तिनं मायकडे पाहिलं. माय शेजारीच खाली मान घालून सुपानं गहू पाखडत होती. ती नुसतं एवढंच म्हणाली, "बाई, दिवस अजून बराच आहे." वहिनीनं तांब्या ओठाला लावल्यासारखा करून खाली ठेवला.

नंतर माझ्याशी एकटीशी बोलताना म्हणाली, "आठे बठ्ठा गाव ओटावर बसेल शे, ताई. दिनमा जावानं कथा?"

दिवसा जायचं कुठे, या तिच्या प्रश्नावर मी म्हटलं, "होते सवय."

मला ती झाली होती, मायला झाली होती. मी ते समजूत घालायच्या सुरात म्हटलं आणि पुढच्या सोमवारी जळगावला निघून गेले.

कापूस वेचायचे दिवस होते तेव्हा पहिली कळ आली. मी दिवाळीच्या सुट्टीत घरी होते. दुपारची वेळ. वहिनी कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरी थापत होती. थापता थापता तिचा हात थांबला, चेहरा पिठासारखा पांढरा झाला आणि ती तशीच उठून मोरीशी जाऊन ओकली. मायचे डोळे चमकले. मी ते पाहिलं. लग्नाला वर्ष होऊन गेलं होतं. मायनं लगबगीनं तिला धरून आत नेलं, काकूला हाक मारली, आणि दोघी दारात उभ्या राहून हळू आवाजात हसल्या. मलाही आनंद झाला. आतून वहिनीचा आवाज आला, "मरी गऊ वं माय!" ती खाटेवरून खाली पडली होती आणि जमिनीवर कूस धरून गोल फिरत होती. हसू जागच्या जागी जिरलं.

नानांना एका नजरेत कळलं. "खडा आहे," ते म्हणाले. "मी नाही का असाच लोळलो होतो?"

मग घरगुती उपाय सुरू झाले. कुळथाचा काढा, पानफुटीची पानं, जवाचं पाणी. पण तो काढा आणि ते जवाचं पाणीसुद्धा तिला पहाटे आणि रात्रीच दिलं जायचं. हे आता लिहिताना मला दिसतं. तेव्हा घरात कुणालाच दिसलं नाही. कळ ओसरली, पुन्हा आली, पुन्हा ओसरली. मधूनच ताप भरायचा, थंडी वाजायची. भाऊ गोळ्या आणायचा. असं वर्षभर चाललं. वहिनी वाळली. कुणी विचारलं की म्हणायची, "बरं शे आते."

शेवटी एकदा ताप उतरेचना, तेव्हा भाऊ तिला जळगावला घेऊन आला. माय आणि नानाही आले. मी मेहरूणहून दवाखान्यात गेले. डॉक्टर वयस्कर होते, सावकाश बोलणारे. त्यांनी फोटो काढायला लावला आणि ती फिल्म उजेडाशी धरली. काडेपेटीतला खडा मला माहीत होता. हा तसला नव्हता. सांबराच्या शिंगासारखा फाटे फुटलेला पांढरा आकार एका मूत्रपिंडात भरून राहिला होता.

डॉक्टरांनी वहिनीला विचारलं, "पाणी किती पिता दिवसभरात?"

वहिनीनं खाली पाहिलं.

"पिते की," माय म्हणाली.

"लघवीला किती वेळा जाता?"

भाऊ खिडकीबाहेर बघायला लागला. नाना उठून दाराशी गेले, कारण सुनेसमोर असलं बोलणं त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. माय म्हणाली, "जाते, सगळ्या बाया जातात तशी."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी कॉलेजात शिकणारी, मी सांगेन असं त्यांना वाटलं असावं. मायच्या अंगावरचा पदर मी नुसता बघत राहिले. तिच्या तोंडावर तिला खोटं कसं पाडायचं, हे मला जमलं नाही.

डॉक्टरांनी मग सगळ्यांना समजेल असं सांगितलं. आपल्याकडचं ऊन, घामानं अंगातलं पाणी जाणं, आणि पाणी कमी पिणं. जमिनीतलं जड पाणी, त्यात बोअरचं तर जास्तच. कुणाच्या घराण्यातच खड्याची खोड असते. आणि बायकांचं म्हणजे, लघवी अडवून ठेवली की आत जंतू वाढतात, ताप येतो, आणि त्या घाणीवर खडा भराभर मोठा होतो. "यातलं नेमकं एकच कारण मला काढून दाखवता येणार नाही," ते म्हणाले. "पण हा खडा एका दिवसात झालेला नाही." त्यांनी धुळ्याच्या मोठ्या दवाखान्यात ऑपरेशनसाठी पाठवलं. तिकडून तिचं माहेरही जवळ होतं.

नाना दारात उभे होते. त्यांनी सगळ्यातून एकच शब्द उचलला. बोअर.

धुळ्याला ऑपरेशन झालं. खडा निघाला, पण मूत्रपिंड सडून गेलं होतं, तेही काढावं लागलं. डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगितलं तेव्हा भाऊ भिंतीला टेकून खाली बसला. वहिनीची आई साक्रीहून आली होती, नऊवारी नेसलेली, पायात चप्पल नाही. ती कुणाला बोल लावत नव्हती. वॉर्डात लेकीच्या पायाशी बसून पुन्हापुन्हा एवढंच म्हणायची, "पोरनी माले कधी सांगं नही." माय तिच्यासाठी चहा घेऊन आली. तिनं कप घेतला, आणि मायच्या हातावर हात ठेवून म्हणाली, "तुम्ही बी किती दमनात." तिच्या पोरीसाठी माय दमली, असं त्या बाईला वाटत होतं. माय एकदम वळून वऱ्हांड्यात गेली. मी मागे गेले तर ती नळाखाली हात धरून उभी होती, आणि नळाला पाणी नव्हतं.

नाना मात्र धुळ्यात थांबले नाहीत. ऑपरेशन झाल्या दिवशीच एसटीनं गावी परतले आणि त्यांनी बोअरच्या मोटारीच्या पेटीला कुलूप घातलं. दुसऱ्या दिवसापासून बैलगाडीत पिंप टाकून नदीकाठच्या विहिरीवरून पाणी आणायला लागले. गल्लीत दारोदार गेले. "ते पाणी पिऊ नका, माझ्या सुनेचं मूत्रपिंड गेलं त्या पाण्यानं." लोकांनी आधी ऐकून घेतलं. मग बायकांच्या डोक्यावर पुन्हा हंडे आले, तेव्हा कुरकूर सुरू झाली. नानांनी जेवणही अर्ध्यावर आणलं होतं. काडेपेटी त्यांनी स्वतःच चुलीत टाकली. ओट्यावर बसायचे ते बंद झाले. एकदा मला म्हणाले, "मी आख्ख्या गल्लीला विष पाजलं, आणि पुण्य म्हणून मिरवलं."

"नाना, डॉक्टर तसं म्हणाले नाहीत," मी म्हटलं.

"तू शिकलेली आहेस, तुला बापाचं मन राखता येतं," ते म्हणाले आणि बैल जुंपायला गेले.

माय हे सगळं बघत होती. वहिनीला घेऊन ती धुळ्याहून परतली होती, तिला अंथरुणावर जागच्या जागी सगळं देत होती, तिचं भांडंही स्वतः उचलत होती, दिवसा, सगळ्यांच्या देखत. पण तोंडातून शब्द काढत नव्हती. नाना पिंप उतरवताना धापा टाकत तेव्हा ती दारातून आत जायची. कित्येक आठवडे असंच गेलं. मी शनिवार-रविवार गावी यायचे. घरात दोन माणसं वेगवेगळ्या कोपऱ्यात एकाच गोष्टीनं पोखरली जात होती आणि एकमेकांशी बोलत नव्हती.

मार्च लागला आणि ऊन चढलं. एका सकाळी, दहाच्या सुमारास, गल्लीतल्या बायका हंडे घेऊन आमच्या दारात आल्या. मागे त्यांचे पुरुष. शेजारच्या घरातली एक पोटुशी पोरगी विहिरीच्या वाटेवर घसरून पडली होती. तिला काही झालं नव्हतं, पण सगळे चिडले होते. तिचा सासरा म्हणाला, "नाना, तुमच्या घरात झालं त्याचं आम्हाला वाईट आहे. पण आमची डोकी का फोडता? आमच्या घरात तेच पाणी सगळे पितात."

"म्हणूनच कुलूप घातलं," नाना म्हणाले.

"तुम्ही पाणी दिलं, तुम्हीच तोडता. हा कुठला न्याय?"

नानांनी किल्लीवर मूठ आवळली. "माझ्या हातून एकदा झालं. आता नाही होऊ देणार."

तेवढ्यात माय बाहेर आली. माझ्या आठवणीत ती पुरुषांच्या घोळक्यासमोर कधी बोलली नव्हती. ओट्यावरून जायचं झालं तरी पदर पुढे ओढून भिंतीच्या कडेनं जायची. तिनं आताही पदर डोक्यावर घेतला होता, पण ती सरळ नानांच्या समोर येऊन उभी राहिली.

"कुलूप काढा," ती म्हणाली. "नुसत्या पाण्यानं नाही झालं. मी तिला दिवसा पाणी पिऊ देत नव्हते."

कुणाला काही समजलं नाही. नाना म्हणाले, "आत जा."

"नाही जात. तिला दिवसा बाहेर जाता यायचं नाही, म्हणून मी तिला पिऊ देत नव्हते. ती तापानं फणफणायची तेव्हाही मी तिला अंधार पडेपर्यंत थांबवलं. डॉक्टरनं विचारलं तेव्हा मी खोटं बोलले. आणि तुम्ही गाडीनं पाणी वाहत होतात, ते मी बघत होते." मग ती हळूच म्हणाली, "मला वाटलं, तुमच्या माथी राहील तर राहू दे."

पुरुष खाली बघायला लागले. ओट्यावर बसणारे ते हेच सगळे होते. हंडा घेतलेल्या एका बाईनं तोंडात पदर धरला.

नानांनी मग मायला असं काही विचारलं, जे इतक्या वर्षांत त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

"मग तू कुठे जात होतीस दिवसा?"

"जात नव्हते," माय म्हणाली.

नाना तिथेच पायरीवर बसले. किल्ली त्यांच्या हातातून शेजाऱ्यानं अलगद घेतली. मोटार सुरू झाल्याचा आवाज आला, हंड्यात पाणी पडायला लागलं, बायका न बोलता भरून गेल्या. नाना बसूनच होते. बोअरचं ओझं त्यांच्या अंगावरून उतरेल असं मला वाटलं होतं. तसं झालं नाही. आता त्यांच्यापुढे फक्त सून नव्हती. सगळा संसार होता, आणि रोज त्यांच्यासमोर बसलेली बायको होती.

त्याच महिन्यात त्यांनी परसात संडास बांधायला घेतला. विटा भाऊनं आणल्या, खड्डा नानांनी स्वतः खणला, कुणाला हात लावू दिला नाही. गावात तसा तो पहिला नव्हता, दोन-तीन घरांत होते, पण आमच्या गल्लीत पहिलाच. काका म्हणाले, "घरात घाण आणता." नानांनी फावडं न थांबवता उत्तर दिलं, "घाण होतीच. दिसत नव्हती." दार बसलं तेव्हा त्यांनी आतली कडी तीनतीनदा लावून पाहिली. पाणी मात्र नदीकाठच्या विहिरीवरूनच पिण्यापुरतं येत राहिलं, कारण जड पाण्याचंही डॉक्टरांनी सांगितलंच होतं. गल्लीतल्या काहींनी तसं केलं, काहींनी नाही केलं.

मायनं वहिनीशी बोलायला फार वेळ घेतला. मी मे महिन्याच्या सुट्टीत घरी होते. दुपारी दोघी स्वयंपाकघरात होत्या, मी उंबऱ्यावर. माय लसूण सोलत होती. मान वर न करता ती म्हणाली, "बाई, माझ्या हातून तुझं वाटोळं झालं. तू मला माफ नको करू, पण मनात ठेवू नको."

वहिनीनं पाट्यावरचा वरवंटा थांबवला. तिनं मायला जवळ घेतलं नाही, आणि "असू द्या" असंही म्हणाली नाही. शांतपणे म्हणाली, "माले तीस लागे, आत्याबाई."

मला तहान लागायची, एवढंच. इतक्या दिवसांत घरात आम्ही बोअर, ऊन, सवय, नेम, देवाची इच्छा, सगळ्यावर बोललो होतो, पण हे वाक्य कुणाच्याही तोंडात आलं नव्हतं. मायच्या हातातली पाकळी खाली पडली. ती उचलायला वाकली आणि बराच वेळ तशीच वाकून राहिली. वहिनी पुन्हा चटणी वाटायला लागली. मग थोड्या वेळानं तिनं वाटीतून चिमूटभर चटणी बोटावर घेऊन मायपुढे धरली आणि म्हणाली, "मीठ देखा." मायनं चाखली आणि मान हलवली.

वहिनीला पुढे मुलगी झाली. एका मूत्रपिंडावर बाळंतपण कसं होईल म्हणून नऊ महिने घर श्वास रोखून होतं. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, जळगावलाच झालं. नाना नातीला मांडीवर घेत, पण तिच्या आईशी बोलताना त्यांची नजर शेवटपर्यंत जमिनीवरच असे. माय त्या संडासात दिवसा जायला लागली ती फार उशिरा, पन्नाशी उलटल्यावर. तोवर तिची तहानच मोडली होती. तिनं आपणहून पाणी मागितलंय, असं मला आठवत नाही. गल्लीत कुठे नवी सून आली की मात्र ती तिच्या सासूकडे जाऊन बसायची, आणि उठताना दाराशी वळून विचारायची, "पोरीच्या जाण्यायेण्याची काय सोय केली?" काही सासवांना ते खटकायचं. एकीनं तिला तोंडावर सांगितलं होतं, "स्वतःच्या सुनेचं बघितलं असतं तर."

पुढच्या आठवड्यात माय पुन्हा त्याच घरी गेली.